नरपडच्या बेडणीवरचा चाकू

आमच्या डहाणूची हवा लोखंड खाते. हे मी शाळेत विज्ञान शिकवणारी बाई म्हणून सांगते आहे, तेव्हा यातली अतिशयोक्ती चिमूटभरच समजावी. मसोलीतल्या आमच्या घराच्या फाटकाची बिजागरी सकाळच्या चहाला जागेवर होती. संध्याकाळच्या चहाला तिची तपकीर झालेली होती. शेजाऱ्यांची सायकल अंगणात उभ्या उभ्या इतकी झिजली की एके दिवशी त्यांनी ती वाळलेल्या धुण्याबरोबर झटकून आत नेली. विळ्या, कोयते, खिडकीचे गज, सगळं समुद्राच्या पोटात जातं आणि आम्ही दर वर्षी त्याला नवीन वाढत राहतो.

अशा गावच्या बाईला तलासरीच्या हायवेवर, भंगाराच्या दुकानात, सडलेल्या पंपांच्या ढिगाखाली न गंजलेली वस्तू दिसली, तर तिचं काय होईल? मी तलासरीच्या शाळेत शिकवते. प्रयोगशाळेसाठी एखादा जुना स्टँड मिळतो का बघायला आत शिरले होते. ढिगातलं सगळं लाल, आणि मधोमध एक राखाडी मूठ, आत्ताच आंघोळ करून बसल्यासारखी. उचलली तर पापडाइतकी हलकी. नखाने पातं ओढलं, ते टक् करून उघडलं आणि मिटेचना. भंगारवाल्याने जोर लावला, मग गुडघा लावला, मग शिवी दिली. मी चाकू परत घेतला, उलटसुलट केला, मुठीच्या पाठीवरची कळ अंगठ्याने दाबली, आणि पातं मुकाट्याने आत गेलं. मूठ टायटॅनियमची होती. समुद्र ज्याला तोंड लावत नाही असा धातू म्हणून मी वर्षानुवर्षं फळ्यावर जे नाव लिहीत आले, ते आज माझ्या तळहातावर बसलं होतं. स्टँड राहिला तिथेच.

घरी येऊन मोबाइलवर शोधलं. हा चाकू परदेशातल्या एका कंपनीने काढलेला, आणि आता बनवणं बंद केलेला. तीन आकारांची तीन भावंडं होती: थोरला, मधला आणि धाकटा. माझ्या हाती आलेला थोरला. जगभर लोक ही तिन्ही जमवायला धडपडतात आणि धाकट्याचं नाव काढलं की उसासे टाकतात, कारण तो सगळ्यांत कमी निघाला. त्या रात्री मी ठरवलं, तिघांना एकत्र आणायचंच. आमच्या घराण्यात ठरवणं हा आजार आहे. माझ्या वडिलांनी एकदा एक माड सरळ करायचा ठरवला होता. माड अजून वाकडाच आहे, पण तो वडिलांना घाबरतो.

आता परदेशी चाकू आमच्याकडे कुठून यायचा, असं विचाराल. अहो, आमच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतला एखादा तरी पुरुष बोटीवर जाऊन आलेला असतो. मोठ्या मालवाहू बोटी, बारा देशांची बंदरं. जो जातो तो पेटी भरून आणतो: साबण, घोंगड्या, बिस्किटांचे डबे, आणि बोटीवर दोर कापायला लागणारा चाकू. पेटी घरात येते, माणूस म्हातारा होतो, आणि चाकूचं काय करायचं ते घरात कुणालाच कळत नाही.

मधला मला वेवजीत मिळाला. सोबतच्या शिक्षिकेचं सासर तिथे, डोंगराच्या पायथ्याशी भात आणि नाचणी करणारं घर. बोटीवरच्या कुणा पाहुण्याने कधीतरी दिलेला तो चाकू बांबू तासायला वापरत होते. मी बदल्यात प्रेशर कुकर दिला. तो आमचाच, रोजच्या वापरातला होता.

माझे यजमान डहाणू रोडला रेल्वेच्या सिग्नल खात्यात आहेत. माणूस शांत. सिग्नलसारखेच, एका वेळी एकच गोष्ट सांगतात.

"कुकर दिसत नाही," ते म्हणाले.

"वेवजीला गेला."

"परत कधी येणार?"

"अहो, हे बघा तरी, काय वस्तू आहे!"

त्यांनी चाकू बघितला, उघडला, मिटला, परत दिला. "घरात एवढी धार झाली, पण कांदा अजून त्या बोथट सुरीनेच कापायचा. आणि उद्या पोलिसांनी धरलं तर पेपरात येईल, मास्तरीणबाई शस्त्रांसह ताब्यात. फोटोत मी शेजारी उभा राहणार नाही, आत्ताच सांगतो."

पण धाकट्याचा पत्ता मला याच माणसाने दिला, आणि तोही नकळत. एके संध्याकाळी ते नरपडच्या रस्त्यावरून चिकू घेऊन आले. मी एक उचलला आणि थबकले. चिकूचे देठ नेहमी पिरगळून तुटलेले असतात, चिकाने बरबटलेले. याचा देठ तिरका, एका घावात कापलेला, इतका गुळगुळीत की त्यात मला माझी टिकली दिसली. दुसरा उचलला, तसाच. सगळी पिशवी ओतली. प्रत्येक देठ त्याच तिरकेपणाने, त्याच धारेने. असलं पातं मी रोज कपाट उघडून बघत होते. मला ते ओळखू येणार नाही?

दुसऱ्याच रविवारी मी स्कूटर काढली. नरपडच्या एकेका वाडीत शिरायचं आणि म्हणायचं, "तुमची बेडणी बघू." बेडणी म्हणजे चिकू उतरवायचा लांब बांबू. टोकाला जाळीची झोळी, आणि झोळीच्या तोंडाशी देठ तोडायला काहीतरी: खाचेचं लाकूड, पत्रा, विळ्याचा तुकडा. लोकांना वाटलं मी सरकारी पाहणीला आले आहे. एकाने मला बेडणीबरोबर बोअरचं पडलेलं पाणी, माकडांनी नासलेली फळं आणि भावाने गिळलेली जमीन, सगळं दाखवलं.

शेवटच्या वाडीत काकी भेटली. काकी म्हणजे साठी ओलांडलेली, नवरा वारल्यापासून वाडी एकटीने सांभाळणारी बाई. तिने नरपडला "काय गो!" म्हटलं की उंबरगावला कुणीतरी "आले" म्हणतं. ती झाडाखाली उभी राहून मान वर करून चिकू उतरवत होती, आणि तिच्या बेडणीच्या टोकाला, तारेने आणि चिंध्यांनी आवळलेला, चिकाने काळा पडलेला, उघडा धाकटा होता.

"पंचनाम्याला आल्या काय?" तिने विचारलं.

"नाही काकी. ते वरचं पातं बघायला आले."

"बघा. बघायला पैसे नाय."

"विकणार का?"

काकी हसली. झाडावरचे दोन-तीन चिकू आपण होऊन खाली आले. "बाई, माझे गुडघे गेले. झाडावर चढायला मजूर लावला तर अर्धे चिकू तोच खातो. ही सुरी हाय म्हणून मी सगळी वाडी खालून एकटी उतरवते. आमचे हे बोटीवरनं आणून स्वतःच्या हाताने बांधून गेले. ही दिली तर मी काय दातांनी देठ तोडू?"

आता दोघींचं काय पणाला लागलं होतं ते सरळ आहे. तिला तिची वाडी चालवायची होती, मला माझी तीन भावंडं जुळवायची होती, आणि मध्ये एकच चाकू. माघार घेणं मला जमलं असतं तर आज आमच्याकडे कुकर असता. मी म्हणाले, "तुम्हाला अशीच दुसरी धार आणून बांधून दिली तर?"

काकीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बांध. चिकूने तक्रार नाय केली तर ही तुझी."

पहिल्या भेटीतच मी तुम्हीवरून तूवर आले, हे मी शुभचिन्ह मानलं.

त्यानंतरचे माझे रविवार नरपडच्या नावावर झाले. आधी घरातली नवी सुरी नेली. दहाव्या देठाला ती चिकाने अशी माखली की पुढचा चिकू तिला चिकटून राहिला, खाली यायला तयारच नाही. मग विळ्याचा तुकडा नेला. तो इतका लवकर गंजला की मी म्हणते, मसोलीहून निघताना कोरा होता. मग कलमं बांधायची नाजूक सुरी बांधली. तिने देठाऐवजी जाळी कापली आणि अख्खी झोळी माझ्या डोक्यावर रिकामी झाली. आठवडाभर शाळेत मुली मला विचारत होत्या, बाई, तुमच्या केसांना काय झालं. चीक निघत नाही हो. न्हाव्याकडेही निघत नाही.

"सोड गो नाद," काकी म्हणाली. चेष्टा होती, पण माझ्यासाठी तिने चहात आलं घातलं होतं.

"सोडणार नाही."

"बघते किती दिवस."

"बघाच."

घरी माझ्या केसांतला चीक कात्रीने कापता कापता यजमान म्हणाले, "एक विचारू? बेडणीवरचं पातं मिटावं लागतं का?"

"नाही. ते कायम उघडंच."

"मग मिटणारा चाकू कशाला हवा?"

मी इतक्या वेगाने उठले की कात्री केसांतच राहिली. जमवणाऱ्यांच्या जगात बिघडलेली कळ म्हणजे मेलेला चाकू, त्याला कुणी हात लावत नाही. पण बेडणीला तर तसाच हवा! उघडा, घट्ट, जन्मभर न मिटणारा. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तलासरीच्या भंगारवाल्यासमोर उभी. पहिल्या चाकूनंतर तो असली वस्तू आली की माझ्यासाठी बाजूला टाकत असे. त्यात एक मधला होता. मुठीला काही झालं नव्हतं, पण आतली पोलादी स्प्रिंग गंजून गेलेली आणि पातं उघडं अडकलेलं. भंगारवाला म्हणाला, "बाई, हा खराब आहे." मी म्हणाले, "हा हिरा आहे," आणि मग लगेच जीभ चावली, कारण भाव तिथेच वाढला.

रविवारी तो धारेच्या दगडावर घासघासून, तारेने आवळून बेडणीवर चढवला. काकीने पहिला चिकू उतरवला. देठ बघितला. नाकाशी नेला. दुसरा उतरवला, तिसरा उतरवला, सगळं झाड उतरवलं. चिकूने तक्रार केली नाही.

"हां," काकी म्हणाली. त्या एका हांसाठी मी केस कापून बसले होते.

तिने बेडणीवरून सोडलेला धाकटा ओट्यावर टेकवून ठेवला आणि दोन पावलं मागे सरकली. आमच्याकडे धारेची वस्तू हातातून हातात देत नाहीत. देणाऱ्या-घेणाऱ्यांत भांडण लागतं म्हणतात. म्हणून एकाने खाली ठेवायची आणि दुसऱ्याने उचलायची. ठेवली म्हणजे दिली, उचलली म्हणजे घेतली. काकीच्या घरात हा कायदा तलाठ्याच्या सातबाऱ्याहून पक्का.

मी उचलला. माझा झाला. इथे मी स्कूटरला किक मारून निघून जायला हवं होतं. पण मी पडले शिकवणारी. समोर माणूस दिसला की मला त्याला काहीतरी दाखवल्याशिवाय राहवत नाही. मी काकीच्या घरातलं खोबरेल तेल मागितलं, चिंधीने वर्षानुवर्षांचा चीक चोळून काढला, काळ्या थराखालून राखाडी मूठ वर आली. सांध्यात तेल सोडलं. कळ दाबली, हलेना. आणखी तेल, आणखी चोळणं. पुन्हा दाबली. आतून काहीतरी कुरकुरलं आणि पातं हळूहळू वाकून मुठीत गेलं. टक्.

काकी ओट्यावरून उठलीच. "अगो बाय! ही मिटते?"

"मिटते म्हणजे काय! त्यासाठीच तर पाठीवर कळ आहे."

"मेला!" हे तिच्या दिवंगत नवऱ्याला होतं. भिंतीवरच्या फोटोकडे बघून ती ओरडली, "बांबूला बांधलीस, तार आवळलीस, आणि मिटते म्हणून एक शब्द बोलला नाहीस? कमरेला लावून बाजारात गेले असते, लग्नाला गेले असते, नणंदेकडे गेले असते!" मग माझ्याकडे वळली. आवाज एकदम मऊ. "बघू गो, कशी मिटते."

आणि मी, आयुष्यभर या किनाऱ्यावर वाढलेली बाई, सवयीने काय केलं? हातात द्यायचं नसतं, म्हणून चाकू खाली ओट्यावर ठेवला.

काकीने उचलला.

तिच्या लक्षात आलं होतं. माझ्याही आलं होतं. तिने उघडला, मिटला, उघडला, मिटला. टक् टक् टक्.

"काकी, तुम्ही शब्द दिला होता."

"दिला ना. नाय कुठे म्हणते? पण हातात तर द्यायची नसते."

"मग खाली ठेवा."

"ठेवीन की. सवड झाली की ठेवीन."

मी ओट्यावर मांडी घातली. "मला घाई नाही."

तिने चाकू कमरेला खोचला. पण मी मूठ तेलाने अशी माखून ठेवली होती की चार पावलांत तो निसटून खाली पडला. मी झेपावले. काकी ओरडली, "पडली ती ठेवली नाय!" मी हात मागे घेतला. पुन्हा खोचला, पुन्हा निसटला, पुन्हा तोच निवाडा. मग तिने तो मुठीत धरला आणि एका हाताने चहा केला, एका हाताने गाळला. मला कप दिला तो तिसऱ्याच कुठल्या तरी हाताने, असं मला अजून वाटतं. मी तिच्या मागे चुलीपाशी, तिथून पडवीत. ती ठेवत नव्हती, मी उठून जात नव्हते. ऊन माडांमागे कलायला लागलं.

तेवढ्यात फाटकात टेम्पोचा हॉर्न वाजला. व्यापारी आला होता. काकी क्रेट व्यापाऱ्याच्या माणसांना उचलू देत नाही, ती आपटतात आणि चिकूला डाग पडतो. क्रेट उचलायला लागतात दोन हात. काकीने एक क्षण विचार केला, चाकू मिटला, आणि दातांत धरला. एका बाजूने ती, दुसऱ्या बाजूने मी, असे आम्ही क्रेट उचलून टेम्पोपर्यंत नेले. मिटलेला चाकू तोंडात धरता येतो हे मीच तिला शिकवलं होतं, हे लक्षात घ्या.

शेवटचा, सगळ्यांत जड क्रेट. अर्धा टेम्पोच्या फळीवर, अर्धा आमच्या हातांवर. सोडला तर चिकू रस्त्यावर. आणि नेमका तेव्हाच व्यापाऱ्याने भाव सांगितला. इतका पडलेला भाव की माझ्या अंगाला घाम फुटला, आणि माझी तर वाडीही नाही.

"ऊंऽ!" काकी म्हणाली.

व्यापारी वर्षानुवर्षं तिच्या शिव्या खात आलेला माणूस. तिला गप्प बघून त्याचे डोळे चमकले. "काय काकी, आज काही बोलत नाही? म्हणजे कबूल ना? लिहून घेऊ?"

"ऊंऽऽ!"

"कबूल म्हणते रे," तो ड्रायव्हरला म्हणाला.

काकीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं, आणि खरं सांगते, डोळ्याची पापणी हलवली नाही. मग तिने मान वाकवली, चाकू दातांनीच, निसटून पडू नये म्हणून अगदी अलगद, टेम्पोच्या फळीवर टेकवला, आणि तोंड उघडलं.

तो आवाज मी सांगू शकत नाही. माडावरचे कावळे बोर्डीला गेले. व्यापाऱ्याच्या आजोबांपासून सुरुवात झाली. पण मला ऐकायला वेळ कुठे होता! चाकू फळीवर होता. पडलेला नव्हता, ठेवलेला होता, साक्षीला अख्खा टेम्पो होता. माझे दोन्ही हात क्रेटखाली होते. मी मान पुढे घातली आणि धाकटा दातांत उचलला.

काकीने भाव मागच्या खेपेला होता तिथे आणला, वर आणखी थोडा चढवला, क्रेट आत ढकलला, हात झटकले, आणि फळीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"घेतलीस?"

मी मान हलवली.

"ठेव खाली, जरा पुसून देते."

मी जोरात नकारार्थी मान हलवली.

काकी इतकी हसली की तिला फाटकाला धरून उभं राहावं लागलं. "चतुर झालीस गो! विकणार तर नाय ना कुणाला?"

नाही.

"रविवारी येशील?"

हो.

"पुढच्या मोसमात बेडणीचं पातं ढिलं झालं तर आवळून देशील?"

हो, हो. तोंड बंद असलं की माणूस किती गोष्टी कबूल करतो! व्यापारी वरून बघत होता, त्यालाही ते पटलेलं दिसलं.

पर्स उघडून आत ठेवला असता, पण ठेवणं ही गोष्ट आता मला काकीच्या चार एकरांत करायची नव्हती. स्कूटरचं हँडल धरायला दोन हात लागतात. मी नरपडहून मसोलीपर्यंत तशीच आले. रस्त्यात माझ्या शाळेचे मुख्याध्यापक भेटले. त्यांनी नमस्कार केला, मी भुवयांनी केला. दारात यजमान उभे होते. "काय झालं? दात दुखतोय का?" त्यांनी विचारलं, मग दुसऱ्यांदा विचारलं, मग माझ्या मागोमाग खोलीपर्यंत आले. मी सरळ कपाट उघडलं, थोरला आणि मधला बसले होते तिथे वाकले, आणि त्यांच्या शेजारी पोचल्यावरच तोंड उघडलं.